आठवड्याची सभा, सणांचे काम : नाशिकमधील रोटरीचा वृत्तान्त

सेवाभावी संस्थेचा इतिहास बहुधा तिने उभारलेल्या वास्तू, भरवलेली शिबिरे आणि वाटलेले साहित्य यांच्या जंत्रीतून लिहिला जातो, आणि सभांचा उल्लेख आलाच तर तो वार्षिक अहवालातील एखाद्या ओळीपुरता येतो. रोटरीच्या बाबतीत ही रीत उलटी करावी लागते. या संस्थेत सभा आधी आली आणि सेवा मागाहून. आजही सेवेचे जे काम टिकते ते सभेच्या जोरावर टिकते आणि सभा ढिली पडली की सर्वांत आधी सेवाच सुटते. नाशिकसारख्या यात्रेच्या आणि सणावारांच्या गावात, जिथे आषाढापासून पौषापर्यंत माणसांची रीघ थांबत नाही, हे नाते विशेष ठळकपणे दिसते. म्हणून प्रस्तुत वृत्तान्तात साप्ताहिक सभा हा मुख्य धागा धरला असून सणासुदीच्या सेवाकार्याचा विचार त्याच्या अनुषंगाने केला आहे.

रोटरीचा उगम सर्वपरिचित असला तरी त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस हा वकील, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी, गस्टाव्हस लोअर हा खाण-अभियंता आणि हायरम शोरी हा शिंपीव्यवसायातील गृहस्थ असे चौघे लोअरच्या कचेरीत जमले आणि पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कामाच्या ठिकाणी भरवायच्या असे ठरले. या फिरत्या बैठकांवरूनच संस्थेला नाव मिळाले. त्या वेळी सेवेचा विषय कोणाच्या मनात नव्हता. अफाट वाढलेल्या शहरात ओळखीची चार माणसे असावीत आणि त्यांनी एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यावे, इतकाच सरळ व्यवहारी हेतू होता. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा, हा ‘वर्गीकरणा’चा नियमही सभासदांमध्ये धंद्याची स्पर्धा राहू नये म्हणूनच आला. सार्वजनिक कामाचा पहिला प्रयत्न म्हणजे शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याची खटपट, आणि ती १९०७ मध्ये, म्हणजे सभा सुरू होऊन दोन वर्षे उलटल्यावर, हाती घेतली गेली. पुढे जगभर ‘स्वार्थाआधी सेवा’ असे ब्रीद मिरवणाऱ्या संस्थेचा हा आरंभ काहींना अडचणीचा वाटतो. वास्तविक त्यात लपवण्यासारखे काही नाही. दर आठवड्याला एकत्र बसणाऱ्या माणसांना कधी ना कधी गावाच्या दुखण्याविषयी बोलावेच लागते, आणि शिकागोतही तेच झाले.

भारतात पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला आणि १ जानेवारी १९२० पासून त्याला सनद मिळाली. सनद म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेने एखाद्या क्लबला दिलेली अधिकृत मान्यता. आरंभीचा हा क्लब साहेबी वातावरणातला होता, दुपारच्या भोजनाला जोडून भरणाऱ्या सभांमध्ये युरोपीय व्यापारी आणि अधिकारी यांचा वरचष्मा होता, तरी त्याच व्यासपीठावर ऑगस्ट १९२५ मध्ये महात्मा गांधींनी चरख्याविषयी भाषण केले, ही गोष्ट सभेच्या मोकळेपणाची साक्ष देते. मुंबईचा क्लब १९२९ मध्ये निघाला. रेल्वेच्या वाटेने ही कल्पना मुंबईबाहेरच्या शहरांत पोचत गेली आणि स्वातंत्र्यपूर्व काळाच्या अखेरच्या पर्वात, १९४० च्या दशकात, नाशिकमध्ये रोटरी क्लब स्थापन झाला.

नाशिकला सभेचे वावडे कधीच नव्हते. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे दोघेही १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायखात्याच्या नोकरीनिमित्त या शहरात होते आणि त्यांच्या सहवासात सार्वजनिक विषयांवर जाहीरपणे बोलण्याची सवय इथल्या सुशिक्षितांना लागली. १९२२ पासून गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला चालू आहे आणि देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी श्रोते जमण्याची परंपरा शतकाच्या पलीकडे गेली आहे. कुसुमाग्रजांच्या पुढाकाराने लोकहितवादी मंडळ १९५० मध्ये निघाले. या सर्व ठिकाणी दार सर्वांना खुले होते. ज्याला ऐकायचे त्याने यावे, कंटाळा आला तर उठून जावे. रोटरीची सभा याहून निराळी होती. इथे निमंत्रणाशिवाय सभासद होता येत नव्हते, हजेरी मांडली जात होती आणि श्रोत्याला वर्गणीही भरावी लागत होती. ‘वकील-डॉक्टरांचा क्लब’ अशी जी टीका गावात होत आली ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. वर्गीकरणाच्या नियमात व्यवसायांची विविधता होती, पण व्यवसायच नसलेल्याला किंवा मजुरी हाच व्यवसाय असलेल्याला त्यात जागा नव्हती, आणि ही उणीव सेवेच्या कामातही पुढे दिसून आली.

असे असूनही नाशिकची घडण वर्गीकरणाच्या नियमाला मानवणारी होती. तीर्थक्षेत्राचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराशेजारी नाशिकरोडला १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना उभा राहिला; देवळालीत लष्कराचे तोफखाना केंद्र वाढले; १९६० च्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आला आणि सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींनी अभियंते व लघुउद्योजक यांचा एक नवा वर्ग शहरात आणून वसवला. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, सराफ बाजारातील पेढीवाले, पंचवटीतील भांड्यांचे व्यापारी, रुग्णालये चालवणारे डॉक्टर आणि शिक्षणसंस्थांतील प्राध्यापक यांची त्यात भर पडली. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ही मंडळी आठवड्यातून एकदा एकाच खोलीत बसू लागली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली आणि शहर पसरत गेले, तसे एका क्लबाचे अनेक क्लब झाले. नाशिकरोड, अंबड, नाशिक पश्चिम अशा भागाभागांच्या नावांनी ते ओळखले जाऊ लागले. संघटनेच्या रचनेत ते सर्व ३०३० क्रमांकाच्या प्रांतात येतात; प्रांत म्हणजे अनेक क्लबांचा प्रशासकीय गट आणि त्याच्या प्रमुखाला मराठी रोटरी-वर्तुळात ‘प्रांतपाल’ म्हणतात. गंजमाळ येथील रोटरी हॉल ही मात्र गावाच्या तोंडी बसलेली जुनी ओळख आहे, आणि रोटरीशी काडीचा संबंध नसलेला नाशिककरही पत्ता सांगताना तिचा आधार घेतो.

सभेचे स्वरूप

साप्ताहिक सभेचा साचा ठरलेला असतो. अध्यक्ष टेबलावरील पितळी घंटा वाजवून सभा सुरू झाल्याचे जाहीर करतात, राष्ट्रगीत होते, मानद सचिव सूचना वाचतात, त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस किंवा लग्नाचे वाढदिवस असतील त्यांचे अभीष्टचिंतन होते, अन्य गावाहून आलेल्या रोटरियनची ओळख करून दिली जाते आणि मग वक्त्याचे व्याख्यान, प्रश्नोत्तरे व आभार होऊन पुन्हा घंटा वाजते. सभेची शिस्त पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ असे भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला खुर्च्या मोजणे, ध्वनिक्षेपक चालतो की नाही ते पाहणे आणि उशिरा येणाऱ्याकडून गमतीने दंड वसूल करणे अशीच कामे येतात. दंडाची ही रक्कम पेटीत पडते आणि पुढे सेवाकार्याला लागते. सभेनंतरच्या चहा-अल्पोपहाराला ‘फेलोशिप’ म्हणतात. बरेचसे निर्णय औपचारिक सभेत न होता बशी हातात धरून उभ्या असलेल्या या घोळक्यांत होतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि इतिवृत्तात ते कधीच येत नाही.

हजेरीचा नियम हा या साच्याचा कणा होय. लागोपाठ चार सभांना गैरहजर राहिल्यास सभासदत्व जाऊ शकते आणि सहामाहीत ठराविक प्रमाणात, अलीकडच्या नियमांनुसार किमान निम्म्या सभांना, उपस्थिती लागते. एखादी सभा चुकली तर दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबाच्या सभेला बसून ती भरून काढता येते; याला ‘मेक-अप’ म्हणतात आणि पूर्वी त्यासाठी चुकलेल्या सभेच्या आधीचे किंवा नंतरचे चौदा दिवस इतकीच मुदत असे. या सवलतीमुळे धंद्यानिमित्त मुंबईला किंवा जळगावला गेलेला नाशिकचा सभासद संध्याकाळी तिथल्या क्लबाच्या सभेला जाऊन बसे आणि परतताना त्या क्लबाची एखादी कल्पनाही आपल्याबरोबर घेऊन येई. केवळ हजेरी सांभाळण्यासाठी निघालेल्या नियमातून गावोगावच्या कामांची देवाणघेवाण व्हावी, हे नियम करणाऱ्यांच्याही कल्पनेत नसावे.

दर आठवड्याला सभा घेण्याच्या नियमाला २०१६ मध्ये मोठी मुरड पडली. संघटनेच्या विधिमंडळाने, म्हणजे नियमांत बदल करणाऱ्या जागतिक प्रतिनिधी-सभेने, महिन्यातून किमान दोनदा सभा घेण्याची आणि सभेचा प्रकार ठरवण्याची मुभा क्लबांना दिली, त्यामुळे दर आठवड्याच्या सभेची सक्ती संपली. पाठोपाठ करोनाकाळात सभा पडद्यावर गेल्या आणि परतल्या तेव्हा पूर्वीइतक्या भरगच्च राहिल्या नाहीत. तरुण उद्योजकांना दर आठवड्याची संध्याकाळ देणे जमत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु पंधरवड्याला भेटणाऱ्या मंडळींना गणेशचतुर्थी ते अनंत चतुर्दशी या काळात जेमतेम एक सभा मिळते, आणि त्या एका सभेत ना वाहन ठरते, ना माणसांच्या पाळ्या, ना पोलिसांची परवानगी. ज्येष्ठ सभासद साप्ताहिक सभेचा आग्रह धरतात त्याला सवयीचा भाग असेलही, पण त्यामागे हा हिशेबही आहे.

स्त्रियांच्या सहभागाची हकीकत सभेच्या इतिहासातला दुबळा अध्याय आहे. रोटरीने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा जागतिक निर्णय १९८९ मध्ये घेतला आणि तोही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तेथील क्लबांना स्त्रियांना वगळण्यास मनाई केल्यानंतर. तोपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही, सभासदाच्या पत्नीला ‘ॲन’ म्हणून संबोधले जाई आणि तिची जागा सभेत नसून सहलीत व समारंभात असे. १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेली ‘इनर व्हील’ ही रोटरियनांच्या कुटुंबांतील स्त्रियांची स्वतंत्र संघटना नाशिकमध्येही कार्यरत झाली. दिवाळीच्या आधी फराळाची जमवाजमव करणे, जुने कपडे निवडणे, शाळकरी मुलींच्या आरोग्याच्या तपासण्या ठरवणे ही चिकाटीची कामे कोणाच्या हातून झाली हे पाहू गेले, तर श्रेय आणि सभासदत्व यांची दीर्घकाळ फारकत होती, असेच म्हणावे लागते.

जुलै ते जानेवारी

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ दरवर्षी बदलते आणि जुलैत पदग्रहण सोहळा होतो. नाशिकच्या पंचांगाशी ही तारीख विलक्षण रीतीने जुळते, किंवा खरे तर आदळते. कारण हार-तुरे वाळतात न वाळतात तोच चातुर्मास लागलेला असतो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी रात्रीपासून लोंढे निघतात, मग गणपती, मग नवरात्रात सप्तशृंग गडाकडे पायी जाणाऱ्या भाविकांची रांग, मग दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ निफाडच्या बाजूने येणारी बोचरी थंडी. नव्या कार्यकारिणीला काम शिकायला जो अवधी हवा त्याच अवधीत वर्षातले सर्वांत अवघड काम येऊन पडते आणि मार्च-एप्रिलमध्ये ती तरबेज होते तेव्हा सणांचा हंगाम सरलेला असतो. त्यामुळे गेल्या वर्षी कोणत्या वळणावर चहाचा तंबू लावला, कुठे पाणी कमी पडले, कोणत्या दिवशी टेम्पो मिळाला नाही या बारीकसारीक नोंदी साप्ताहिक सभेच्या इतिवृत्तात आणि माजी अध्यक्षांच्या तोंडी जिवंत राहतात. सभेची ही स्मरणशक्ती नसती तर दरवर्षी श्रीगणेशाच करावा लागला असता.

गणेशविसर्जनाच्या वेळचे काम हे गेल्या काही दशकांत शहरातील अनेक सेवासंस्थांनी, महाविद्यालयीन तरुणांनी आणि महापालिकेने मिळून उभे केलेले काम असून त्यावर एकट्या रोटरीने हक्क सांगणे योग्य होणार नाही. गोदावरीचे पात्र शहरात उथळ आणि घाटांनी बांधलेले आहे. पाऊस कमी झाला आणि गंगापूर धरणातून विसर्ग नसला की प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अर्धवट विरघळलेल्या अवस्थेत दुसऱ्या दिवशी उघड्या पडतात. त्यावर निर्माल्य कलश, कृत्रिम तलाव आणि मूर्तिदान असे तीन उपाय पुढे आले. मूर्तिदान म्हणजे उत्तरपूजा करून मूर्ती पाण्यात सोडण्याऐवजी स्वयंसेवकांच्या स्वाधीन करणे. घाटावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाचे खरे कौशल्य इथे लागते. डोक्यावर पाट घेऊन आलेल्या कुटुंबाला पर्यावरणाचे व्याख्यान दिले तर ते पुढे निघून जाते. आरतीला जागा करून दिली, मूर्तीला तीनदा पाण्याचा स्पर्श होऊ दिला आणि ती दोन्ही हातांनी नीट उचलून कापड अंथरलेल्या टेबलावर ठेवली, तर घरातील आजी स्वतःहून मूर्ती देतात. टेबलावरच्या मूर्ती फेकल्यासारख्या ढिगात दिसल्या की पुढच्या तासाभरात कोणी मूर्ती देत नाही, हा घाटावरचा जुना धडा आहे.

घरच्या घरी विसर्जनासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धतही सभांमधून समजावून दिली जाते. बेकरीत वापरले जाणारे अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतके घेऊन ते बादलीभर पाण्यात मिसळायचे आणि त्यात प्लास्टरची मूर्ती ठेवून दोन-तीन दिवस अधूनमधून ढवळायचे. रासायनिक क्रियेतून तळाशी खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहते, जे विरळ करून झाडांना खत म्हणून घालता येते. कीटकनाशकांचा किंवा औषधांचा धंदा असलेला सभासद असे प्रात्यक्षिक सहज करून दाखवतो, आणि वर्गीकरणाचा जुना व्यापारी नियम अशा वेळी अनपेक्षितपणे उपयोगी पडतो.

दिवाळीचे काम गणपतीच्या कामाहून अवघड, कारण तेव्हा सभासदच मोकळे नसतात. मेन रोडवरचा कापड दुकानदार, सराफ, मिठाईवाला, मोटारविक्रेता यांची वर्षाची कमाई त्या पंधरवड्यात होते. द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीत, म्हणजे फळ धरण्यासाठी वेलींच्या काड्या छाटण्याच्या कामात, गुंतलेले असतात आणि छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी रोगाच्या फवारणीसाठी त्यांना रात्रीही बाग सोडवत नाही. हजेरीपटावर या महिन्यात सर्वाधिक गळती दिसते. उरतात निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, इनर व्हीलच्या स्त्रिया आणि सुट्टी लागलेले ‘रोटरॅक्ट’चे तरुण; रोटरॅक्ट ही रोटरीने १९६८ मध्ये सुरू केलेली युवकांची शाखा होय. दुकानदार सभासद स्वतः येत नाहीत, पण त्यांचे टेम्पो, खोकी, ताडपत्री आणि गाडीचालक येतात. कोणी वेळ द्यावा आणि कोणी वस्तू द्यावी, हा जो समजूतदार वाटपाचा शिरस्ता पडला तो कुठल्याही घटनेत लिहिलेला नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील पाड्यांवर फराळ व कपडे घेऊन जाणे हा नाशिकच्या सेवासंस्थांचा रूढ उपक्रम आहे. यातील कपड्यांचे प्रकरण नाजूक असते. दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून निघालेले गठ्ठे हॉलमध्ये येऊन पडतात आणि सतरंजीवर बसून ते निवडावे लागतात: लहान मुलांचे वेगळे, साड्या वेगळ्या, स्वेटर थंडीसाठी बाजूला, विटलेले, बटणे तुटलेले, चेन बिघडलेले कपडे सरळ बाद. देणाऱ्याने घरातली अडगळ काढली की खरोखर काही दिले, हे गठ्ठा सोडताक्षणीच कळते. फराळाच्या बाबतीत अधिक मुळातला प्रश्न आहे. डोंगरपट्ट्यातील कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांची दिवाळी वाघबारशीपासून सुरू होते. गुरे आणि गुराखी यांच्या रक्षणासाठी वाघदेवाची पूजा हा तिचा गाभा असतो आणि नागली, वरई, उडीद या त्याच हंगामात हाती येणाऱ्या पिकांचे पदार्थ ताटात असतात. त्यांना सण माहीत नाही म्हणून शहराने बेसनाचे लाडू घेऊन जावे, ही समजूत चुकीची होती आणि ती दुरुस्त व्हायला वेळ लागला. पाड्यावरील शिक्षकाला किंवा ग्रामसेविकेला साप्ताहिक सभेत वक्ता म्हणून बोलावून, तिथे नेमके काय हवे ते त्यांच्याच तोंडून ऐकण्याइतका साधा उपाय या बाबतीत सर्वांत गुणकारी ठरतो.

अशी चौकशी केली की बहुतेक वेळा पाण्याचा विषय निघतो. सुरगाणा-पेठ भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उतारावरून तो वाहून जातो. मार्चनंतर त्याच पाड्यांतील स्त्रियांना हंडे घेऊन दरीत उतरावे लागते. दिवाळीच्या सुमारास ओढ्यांना अजून धार असते आणि नेमकी हीच वेळ वनराई बंधाऱ्याची असते. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेमुळे महाराष्ट्रभर परिचित झालेला हा बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, विटांच्या सांध्याप्रमाणे त्या एकमेकींवर रचून आणि वरच्या अंगाला चिकणमाती थापून ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध होय. गोण्या बांधकाम व्यावसायिक देतो, फावडी-घमेली लोखंडी सामानाचा व्यापारी देतो, जागा जलसंपदा खात्यातील निवृत्त अभियंता दाखवतो, आणि ओढ्याचा स्वभाव मात्र पाड्यावरची माणसेच सांगतात. शहरी स्वयंसेवक पहिल्या तासात गोण्या गळ्यापर्यंत ठासून भरतात, त्यामुळे त्या नीट बसत नाहीत आणि फटींतून पाणी निघते. गोणी पाऊण भरून दाबली की ती सपाट होऊन सांधा धरते, हे गावकरी न बोलता करून दाखवतात. पंधरा-वीस माणसांच्या एका दिवसाच्या श्रमाने अडलेले पाणी गुरांना, कपडे धुण्याला आणि थोड्याफार भाजीपाल्याला काही आठवडे पुरते. त्याने उन्हाळ्याची टंचाई संपत नाही, हे सांगणेही प्रामाणिकपणाचे आहे; त्यासाठी पक्के बांध, विहिरी आणि नळयोजना लागतात व ते काम शासनाचे आहे.

थंडीतील ब्लँकेटवाटप हा त्यापुढचा टप्पा. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदले गेलेले नीचांकी तापमान वर्तमानपत्रात झळकले की रामकुंड, बसस्थानक आणि उड्डाणपुलाखाली ब्लँकेट वाटणाऱ्यांची गर्दी होते आणि एकाच माणसाला एका रात्रीत तीन संस्थांची तीन ब्लँकेटे मिळतात. शहरातील क्लबांनी आपापसात वार आणि ठिकाणे वाटून घेतली तर हे टळते, पण छायाचित्राचा मोह आडवा येतो.

सणांशी संबंध नसलेले, तरी सभेच्या शिस्तीचे सर्वांत मोठे फळ म्हणून ज्याचा उल्लेख करायला हवा ते काम म्हणजे पोलिओ निर्मूलन. रोटरीने ‘पोलिओ प्लस’ मोहीम १९८५ मध्ये जाहीर केली, भारतात १९९५ पासून देशव्यापी पल्स पोलिओ लसीकरण सुरू झाले, १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य विषाणूजन्य पोलिओचा नवा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले. लस देण्याचे मूळ काम शासकीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांचे. रोटरीचा वाटा निधी, प्रचार आणि रविवारच्या बूथवरील मनुष्यबळाचा. यात्रेच्या गावी रविवारी बाहेरगावची मुले कुठल्याच यादीत नसतात, म्हणून घाटावर आणि स्थानकावर मुलांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण आहे का ते पाहत फिरणे, हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करावे लागले. असे काम उत्साहावर होत नाही. पुढच्या सभेत ‘तुमचा बूथ कोणी सांभाळला’ असे विचारणारे कोणी असावे लागते.

सिंहस्थ कुंभमेळ्यात हे सगळे धागे एकत्र येतात. दर बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वाने २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेल्याचे पाहिले आणि त्यानंतर गर्दीत हौसेने मदतीला धावण्याचे दिवस संपले. स्वयंसेवकाने नेमून दिलेल्या ठिकाणी, ओळखपत्रासह आणि पोलिसांच्या आखणीप्रमाणेच उभे राहायचे हा दंडक झाला. २०१५ मध्ये १४ जुलैला ध्वजारोहण झाले, २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरला पर्वण्या झाल्या, १७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली आणि दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीला, नाशिकची तिसरी पर्वणी होती. ज्या घाटांवर निर्माल्य कलश ठेवायचे तेच घाट साधू आणि भाविकांसाठी लागणार होते, आणि ज्या स्वयंसेवकांना मूर्तिदानाचे काम माहीत होते तेच पाणीवाटपाला आणि हरवलेल्या माणसांच्या चौकशीला हवे होते.

पुढील सिंहस्थाचे जाहीर वेळापत्रक याहून सोपे नाही. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर आहे. पहिले अमृतस्नान, म्हणजे पर्वणी, २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला आणि नाशिकचे तिसरे ११ सप्टेंबरला, तर गणेशचतुर्थी ४ सप्टेंबरची असल्याने तिसरे स्नान ऐन गणेशोत्सवात येईल. पहिल्या स्नानाच्या दिवशी क्लबांच्या नव्या अध्यक्षांना पदावर येऊन जेमतेम महिना झालेला असेल. रोटरीच्या प्रचलित नियमानुसार अध्यक्षाची निवड पदग्रहणाच्या किमान अठरा महिने आधी होते, त्यामुळे १ जुलै २०२७ ला घंटा हाती घेणाऱ्यांची निवड २०२५ सालच्या अखेरीपर्यंतची असते आणि मधल्या काळात २०२६ ची दिवाळी, त्या दिवाळीआधीची ध्वजारोहणाची गर्दी आणि तिच्या आगेमागे होणाऱ्या साप्ताहिक सभा त्यांना शिकाऊ म्हणून मिळतात.